गाणं ऐकणारा म्हातारा

पडद्यावर अजून तीच कोरडी विहीर होती आणि लोक उठायला लागले होते.

सिनेमा रेणुकादासचा. मूळचा नांदेडचा पोरगा, पुण्याला सिनेमा शिकून आलेला. वडिलांच्या एका कवितेवर त्यानं हा प्रयोग केला होता. गोष्ट नाही, संवाद नाही. नुसती कविता, सारंगी आणि दुष्काळातलं रान. लातूर जिल्हा होऊन वर्षही झालं नव्हतं. नव्या जिल्ह्यात काहीतरी नवं दाखवावं म्हणून टाऊन हॉलात दुपारचा खेळ ठेवलेला. फुकट होता म्हणून हॉल भरला, आणि फुकट होता म्हणूनच भराभर रिकामा होत होता.

"हिरॉइन कवा येणार हाय बा?" कुणीतरी ओरडलं. हॉल खदखदून हसला.

भिंतीला टेकून उभ्या रेणुकादासला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पुढच्या रांगेत मुंबईच्या समितीचे वसंतराव बसले होते. पुढच्या सिनेमाचं अनुदान त्यांच्या हातात. ते नाही म्हणाले की संपलंच. बिलोलीच्या शाळेत आईनं त्याच्या मास्तरकीसाठी शब्द टाकून ठेवलाच होता. आणि वसंतराव जांभया देत होते.

मग म्हातारा आला.

सजवलेल्या बैलगाडीत मांडी घालून बसलेला. कपाळभर भस्म, गळ्यात झेंडूच्या माळा, पापण्या अर्ध्या मिटलेल्या. वर कवितेचं गाणं चाललेलं आणि म्हातारा ते ऐकतोय. गाडी हादरते, माळा हलतात, तोंडावरचं ऊन सरकतं. म्हातारा काही ढळत नाही.

हॉल एकदम गप्प झाला. उठलेले लोक होते तिथंच थांबले. एकानं डोक्यावरची टोपी काढली. दोन-तीन बायांनी तर हात जोडले. रेणुकादासच्या अंगावर काटा आला. पोचलं म्हणायचं!

खेळ संपल्यावर वसंतरावांनी त्याला जवळ बोलावलं.

"राग मानू नका, पण स्पष्ट बोलतो. तुमची विहीर मेलेली, रान मेलेलं, ती सारंगी तर कधीचीच मेलीय. अख्ख्या सिनेमात जिवंत असा तो म्हातारा एकटा. कोण नट हा?"

"नट नाही हो. उदगीरच्या वाटेवर दिसला. कुणा स्वामींची मिरवणूक चालली होती. आम्ही जीपमधूनच, लांबून घेतलं. गाणं नंतर नांदेडला चढवलं."

"काय ऐकतो हो तो! त्याला घेऊन सिनेमा काढा, अनुदान माझ्याकडे लागलं. पण माणूस तोच पाहिजे. तो नसेल तर जय महाराष्ट्र!"

रेणुकादास अक्षरशः उडी मारून स्टेजवर चढला. "गाडीतले ते आजोबा कुणाच्या ओळखीचे आहेत का?"

बायकांच्या बाजूला एक हात वर झाला. पन्नाशीची बाई, डोळे पदरानं पुसत उभी राहिली. नाव उमाबाई.

"माझे आप्पा हाईत ते."

रेणुकादास धावत खाली तिच्याजवळ आला, पाय धरायचेच बाकी ठेवले. "कुठं असतात? आज भेटतील?"

"तेवढंच पुन्हा एकदा लावता का, दादा?"

"दहादा लावतो, मावशी! पण आधी आप्पांची गाठ घालून द्या. गाणं ऐकताना नेहमी असेच रंगून जातात का?"

"गाणं?" उमाबाईला रडता रडता हसू आलं. "आप्पाला लई कंटाळा गाण्याचा. भजन सुरू झालं की उठून जायचे."

रेणुकादासही हसला. मागून वसंतराव येऊन उभे राहिले होते. त्यांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. त्याला बाहेरचं ऊन, हे लातूर, ही बाई, सगळं जग गोड वाटायला लागलं होतं.

"लई उपकार झाले बघा," उमाबाई म्हणाली. "त्या दिवशी मी गाडीमागं रडतच चालले होते. आप्पाचं तोंड धड बघायला मिळालं न्हाई."

"रडत? मिरवणुकीत कशाला रडायचं?"

उमाबाईनं आधी त्याच्याकडं, मग वसंतरावांकडं पाहिलं.

"मिरवणूक कशाची, दादा? आमच्यात माणूस गेला की असं हार घालून, बसवूनच मातीला नेतात."