डाव्या बाहीचा अर्थ

एका रॉक बँडच्या अल्बमच्या कव्हरसाठी मी भविष्य सांगायच्या टॅरो पत्त्यांमधला ‘मनोरा’ हा पत्ता रंगवला. वीज पडून पेटलेला मनोरा आणि त्यातून खाली कोसळणारा माणूस. माणसाचा स्वेटर लाल, फक्त डाव्या बाहीचं टोक हिरवं. त्या चार बोटं रुंद हिरव्या पट्टीवरून चाहत्यांनी काय काय अर्थ काढले! कुणी आशा म्हणे, कुणी मत्सर, कुणी पुनर्जन्म. मी आपला गूढ चेहरा करून मान डोलवायचो.

सह्यांच्या रांगेतून एक बाई पुढे आल्या. मुलीसाठी सही हवी होती. नुकताच घेतलेला अल्बम त्यांनी पिशवीतून काढला, कव्हर बघितलं आणि बाहीवर बोट ठेवलं.

“हे हिरवं का?”

“तुम्हाला काय वाटतं?” मी ठेवणीतलं उत्तर दिलं.

“लाल लोकर संपली होती.”

मला हसू आलं. त्यांना नाही.

“कुठे पाहिलात हा स्वेटर?”

“जुन्या पेपरातल्या फोटोत. कुठल्याशा शहरात इमारत जळाली होती, त्यातून पडणारा माणूस. मृताची ओळख पटली नाही, असं खाली छापलं होतं.” म्हणूनच मी तो बिनधास्त उचलला होता, हे मात्र बोललो नाही.

“कधीचा पेपर?”

“बारा वर्षं झाली असतील.”

बाईंनी टेबलाची कड घट्ट धरली.

“बारा वर्षं मी पोरीला सांगतेय,” त्या म्हणाल्या, “तुझ्या बापानं दुसरा घरोबा केला म्हणून.”