टपावरचा डाग

पंजाबरावांनी एक डोळा मिटला, मोटार खिडकीच्या उजेडात धरली आणि टपावरून नजर सरळ पुढं नेली. भिलाईच्या पोलाद कारखान्यात, रेल मिलच्या इन्स्पेक्शनमध्ये, अठ्ठावीस वर्षं त्यांनी रूळ असेच पाहिले होते. केसाएवढी खोट दिसली तरी खडूची फुली मारायचे, मग समोर कोणी का साहेब उभा असेना! ही मोटार तर वीतभरसुद्धा नव्हती. निळ्या टपात खिडकीचे गज स्वच्छ दिसत होते. पंजाबराव स्वतःशीच म्हणाले, "पास."

मोटार त्यांच्या मुलाची, ओमूची. चोवीस वर्षांचा बाप्या, प्लँटमध्ये नोकरीला लागलेला. पण घरी आला की प्लॅस्टिकच्या मोटारींचे संच उघडून बसायचा. साठसत्तर बारीक तुकडे. ते ब्लेडनं सोडवायचे, घासायचे, चिकटवायचे, रंगवायचे. शोकेसमध्ये अशा अकरा मोटारी उभ्या होत्या. ही निळी व्होल्गा बारावी. मायदेशी परतणाऱ्या एका रशियन इंजिनिअरनं तिचा संच ओमूला देऊन टाकला होता. ती पुरी झाली आणि पंधरा दिवसांत ओमू काविळीनं गेला. येत्या रविवारी त्याचं वर्षश्राद्ध होतं.

वर्ध्याहून भाऊ येणार होते, मिलमधली माणसं येणार होती. चहाचा कप घेऊन सगळे शोकेसपाशी उभे राहणार. अकरा मोटारी कशा लख्ख, आणि शेवटच्या मोटारीच्या टपावर तेवढा डाग! ओल्या रंगावर ओमूचा अख्खा अंगठा उमटला होता. वर्षभर तो डाग पंजाबरावांच्या डोळ्यांत खुपत होता. लोक म्हणतील, पोराचा हात शेवटी ढिला पडला. ज्याला उत्तर द्यायचं तो तर आता नाही. मग बापानं काय नुसतं ऐकून घ्यायचं?

म्हणून सत्यभामाबाई दोन दिवसांसाठी बहिणीकडे जवळच भिलाई-3ला गेल्या, तेवढ्यात त्यांनी डाव साधला. झिरो नंबरचा बारीक सँडपेपर आणून टप हळूहळू घासला. ओमूच्याच डबीतला घट्ट झालेला रंग टर्पेंटाइननं सैल केला आणि ओमूच्याच ब्रशनं दोन हात मारले. मुलगा होता तोवर त्यांनी या छंदाकडे ढुंकून पाहिलं नव्हतं. 'लेकरांचे खेळ,' म्हणायचे. काल रंगवताना मात्र त्यांचे डोळे दोनदा भरून आले. दोन्ही वेळा त्यांनी आधी ब्रश नीट बाजूला ठेवला आणि मग डोळे पुसले.

फाटक वाजलं. सत्यभामाबाई आत आल्या. पिशवी दारातच ठेवून त्या थेट शोकेसकडे गेल्या, काच सरकवली, आत हात घातला. हात तसाच राहिला.

"व्होल्गा कुठं हाय?"

"अवं, इकडं ये, इकडं!" पंजाबरावांना कधी एकदा दाखवतो असं झालं होतं. त्यांनी मोटार बायकोच्या तळहातावर ठेवली. "पाह्य. सांग आता, खोट दिसते का कुठं?"

सत्यभामाबाईंनी टपावर अंगठा टेकवला. तो गुळगुळीत रंगावरून घसरला. त्यांनी पुन्हा टेकवला.

"अंगठा कुठं गेला त्याचा?"

"घासून टाकला ना. पत्ता लागते का?"

"कावून?"

"कावून म्हंजे? रविवारी एवढे लोक येऊन राहिले. पोराच्या कामात डिफेक्ट दिसला असता."

"डिफेक्ट?" सत्यभामाबाई मोटार घेऊन खाली बसल्या. "अवो, तो माह्यामुळं झाला होता. रंग ओला होता, अन् मी सैपाकघरातून ओरडली, भाकर थंडी होऊन राहिली, ये लवकर. तो घाईनं उठला, अंगठा लागला. मी म्हटलं, पुसून टाक बाप्पा. तं हासला. म्हणे, राहू दे आई, कोणी विचारलं तं सांगीन, हा आईच्या भाकरीचा डाग हाय." त्यांनी टपावर पुन्हा अंगठा फिरवला. "रोज सकाळी मी माहा अंगठा तिथं ठेवत होती. त्याचा मोठा होता, माहा बसत नव्हता. तरी ठेवत होती."

पंजाबराव म्हणाले, "मले कोणी सांगितलंच नाही."

"तुमी त्याच्या मोटारीपाशी कधी येत होते?"

बिघडलेला रूळ भट्टीत घालून पुन्हा नवा करता येतो, हे त्यांनी उभा जन्म पाहिलं होतं. "मी पुन्हा..." ते म्हणाले. हातांना काही काम हवं म्हणून ते टेबल आवरू लागले. ब्रश उचलला, डबीचं झाकण लावलं. खाली अंथरलेल्या वर्तमानपत्रावर घासलेल्या रंगाची निळी भुकटी पडली होती. ती अंगणात झटकावी म्हणून त्यांनी पेपर चारी कोपऱ्यांनी उचलला.

सत्यभामाबाईंनी झटकन उठून त्यांचं मनगट धरलं.

"त्याच्या अस्थी तुमी शिवनाथेत सोडल्या, मी काही बोलली नाही," त्या म्हणाल्या. "हे घरात राहू द्या."