डब्याची दुसरी मूठ

वहिनीने बाह्या वर सारल्या, गुडघे वाकवले आणि दुकानातला सगळ्यात मोठा स्पीकरचा डबा एका बाजूने उचलून पाहिला. जमिनीपासून चार बोटं वर. मग हळूच खाली टेकवला.

"हा नाही."

"अहो वहिनी, आधी आवाज तरी ऐका," दुकानदार म्हणाला. अख्खा बँड तिला वहिनी म्हणायचा. दुकानदारही पाच मिनिटांत म्हणायला लागला होता.

"आवाज हे ऐकतील. वजन माझ्याकडे."

तिचा नवरा समोरच्या स्टुलावर बेस गिटार मांडीवर घेऊन बसला होता. चार महिन्यांपूर्वी त्याच्या पाठीचं ऑपरेशन झालं होतं. वाजवायची परवानगी मिळाली होती, जड उचलायची नव्हती. जुना पंचेचाळीस किलोंचा डबा त्यांनी एका शाळेला देऊन टाकला होता, आणि येत्या शनिवारी ऑपरेशननंतरचा पहिला कार्यक्रम होता.

"वाजवून बघायला काय जातं गं?" असं म्हणत त्याने त्या मोठ्या डब्याला गिटार जोडून जाड तार छेडली. भिंतीवर टांगलेल्या गिटारी आपसूक गुणगुणल्या. "ऐकलंस?"

"ऐकलं. आणि आपल्या जिन्याच्या वळणावर हा अडकून बसलेलाही दिसला." वहिनी पडदे शिवायची, त्यामुळे टेप कायम पिशवीत. तिने डब्याला टेप लावली. "सदुसष्ट सेंटिमीटर. आपल्या डिकीचं तोंड साठ. झालं समाधान?"

नवऱ्याने दुकानदाराकडे पाहिलं. दुकानदाराने छताकडे पाहिलं.

मग दुकानदार आत गेला आणि एका हातात एक बुटका डबा घेऊन आला. आत एकच बारा इंची स्पीकर. वर ठेवायचा अँप्लिफायर तर एखाद्या वहीएवढा. "नवीन आहे. तेरा किलो."

पथ्याच्या जेवणाकडे बघावं तसं नवऱ्याने त्याच्याकडे पाहिलं. पण वाजवलं. एक सूर वाजवून थांबला. परत वाजवला. मग सगळ्यात खालचा सूर धरून ठेवला आणि डोळे मिटले.

"अरे," तो म्हणाला.

हा 'अरे' वहिनीच्या ओळखीचा होता. तो निघाला की ठरलंच समजायचं. इथवर आपलं म्हणणं खरं झाल्याचा आनंद तिच्या चेहऱ्यावर मावत नव्हता.

"बघा," दुकानदारालाही हुरूप आला. "एका माणसाने एका हातात घ्यावा आणि चालू लागावं. वहिनी, तुमची सुटका झाली. आता दर कार्यक्रमाला मागे मागे धावायचं कारणच नाही."

"सुटले बाई एकदाची," वहिनी हसून म्हणाली.

आणि म्हणता म्हणता तिने टेपची गुंडाळी करायला घेतली. ती काही नीट जमेना.

सव्वीस वर्षं ती त्याच्याबरोबर जात होती. जुन्या डब्याला दोन बाजूंना दोन मुठी होत्या; एक त्याची, एक तिची. तू वर हो, मी खाली. सावकाश, उंबरा आहे. मग तो वाजवायचा आणि ती स्टेजच्या कडेला खुर्ची टाकून पडद्याला दुमड घालत बसायची. लोक गाणाऱ्याकडे बघायचे. तिला त्याची पाठ दिसायची, आणि गाणं रंगात आलं की वर जाणारा त्याचा डावा खांदा. परतताना गाडीत कोण कुठे चुकलं याची उजळणी. तू का येतेस, असं तिला कधी कुणी विचारलं नव्हतं. तिनेही स्वतःला विचारलं नव्हतं. डब्याला दोन मुठी होत्या, एवढं पुरत होतं.

नवरा गिटार खाली ठेवत होता. वहिनीच्या हातातली टेप दुसऱ्यांदा सुटली, तेव्हा तो थांबला. थोडा वेळ तिच्याकडे बघत राहिला. मग परत गिटार घेतली, तोच सूर वाजवला आणि तोंड वाकडं केलं.

"नाही हो. कमी पडतंय."

"कमी?" दुकानदार उडालाच. "अहो, खालच्या मजल्यावरचे लोक वर यायची वेळ आली!"

"खालचा सूर पोकळ वाटतो. याची जोडी द्या. दोन घेतो."

"दोन घ्या की. पण मग ने-आण…"

"एका वेळी एकच उचलायचा. डॉक्टरांनी बजावलंय, दोन्ही हातांत एकदम ओझं घ्यायचं नाही म्हणून." हे तो दुकानदाराला सांगत होता, पण बघत होता गिटारच्या तारांकडे.

वहिनीने मान वर केली. डॉक्टरांनी हे सांगितलं तेव्हा ती शेजारच्याच खुर्चीत बसली होती. एका बाजूला भार देऊ नका, असं म्हणाले होते डॉक्टर. ओझं नेहमी दोन्ही हातांत सारखं वाटून घ्या.

तिने टेप तशीच पिशवीत टाकली.

दुकानदाराने आतून दुसरा डबा आणून पहिल्याशेजारी ठेवला. "बघा उचलून, वहिनी. कापूस आहे कापूस."

वहिनीने एका हाताने डबा उचलला. तो सहज वर आला, भाजीची पिशवी यावी तसा. तिने तो क्षणभर हातात तोलला आणि नवऱ्याकडे पाहिलं.

"जड आहे हो," ती म्हणाली. "दोघं लागतील."