चौकातला फ्लेक्स

"अमृतदादा, तो फ्लेक्स आजच्या आज उतरवा."

ऋतुजा चौकात उभी राहून बोलत होती आणि वर बघायचं टाळत होती. वर तिचाच फोटो होता. "आपल्या गल्लीची शान! पुण्याच्या नामांकित कॉलेजात प्रवेश मिळाल्याबद्दल ऋतुजाचं हार्दिक अभिनंदन!" खाली शुभेच्छुकांची रांग. त्यात मंडळाचा अध्यक्ष अमृत, गॉगल लावून, आणि त्याचा फोटो ऋतुजापेक्षा मोठा. प्रवेश मात्र मिळालेलाच नव्हता.

घोळ घातला होता तिच्या वडिलांनी. कॉलेजची वेटिंग लिस्ट आली, तिच्यात ऋतुजाचं नाव सगळ्यात वर. वडील रत्नदीप एसटी डेपोत मेकॅनिक. लेकीचं नाव पहिल्या नंबरावर दिसलं की पेढे आणायचे, एवढंच त्यांना बालवाडीपासून ठाऊक. लिस्ट कसली आहे ते बघतंय कोण! पेढे घेऊन ते सुटले ते थेट चौकात. अमृतला तर निमित्तच हवं असतं. संध्याकाळच्या आत फ्लेक्स लागला. सोलापुरात बारशाच्या आधी बाळाचा फ्लेक्स लागतो, तिथं कुणी कुणाला थांबवायचं?

कुणी जागा सोडली तर ऋतुजाचा नंबर लागणार होता. कुणीच सोडत नव्हतं. दुकानात गेलं की, "कधी निघालीस गं पुण्याला?" नळावर गेलं की, "खोली मिळाली का तिकडं?" ती हसायची आणि घरी येऊन उशीत तोंड खुपसून रडायची. पदवीनंतर पुढं शिकायला तिला दहावीपासून हेच कॉलेज हवं होतं. दुसरीकडं अर्ज करायलासुद्धा तिचा हात उचलेना. आपण आता कशालाच लायक नाही, असं तिला खरोखर वाटायला लागलं होतं.

"आगं, पैला नंबर हाय म्हणतीस, मग येईल की," अमृत म्हणाला. "जरा दम धर."

"दम संपला माझा. उतरवा."

समोरच्या घरातून उत्कर्षा पळत आली. हाताला भाकरीचं पीठ तसंच. नुकतीच बारावी झालेली, ऋतुजाच्या जुन्या वह्या-पुस्तकांवर शिकलेली पोरगी.

"राहू दे की ताई. कुणाचं काय खातोय त्यो?"

"तुझं काय जातंय गं बोलायला? तोंड माझं टांगलंय तिथं!"

उत्कर्षा ओढणीला हात पुसत तिथंच उभी राहिली. अमृतनं शिडी लावली, दोऱ्या कापल्या. फ्लेक्स खाली आला तशी उत्कर्षाची आई, शिवबाई, बाहेर आली. "फेकू नका ओ, आमाला द्या. वर झाकायला हुईल." दारात त्रिंबक, उत्कर्षाचे वडील, हाताची घडी घालून सगळं बघत होते.

"न्हाई झालं व्हय मग तुजं?" त्यांनी विचारलं.

"नाही, काका."

"तुज्यासारखीचं न्हाई झालं," ते स्वतःशीच म्हणाले, "तर आमचं ध्यान काय दिवे लावणार?" आणि आत गेले.

ऋतुजानं घरी येऊन दार लावून घेतलं. आता कुणी काही विचारणार नव्हतं. बरं वाटेल असं तिला वाटलं होतं. ते काही वाटलं नाही. चौकातली ती रिकामी चौकट खिडकीतून दिसायची, म्हणून तिनं खिडकीही लावली. मध्ये एक दिवस गल्लीत स्पीकर वाजला. आईनं "चल गं समोर, बरं दिसत न्हाई" म्हणून दोनदा हाक मारली. ऋतुजानं अंगावरची चादर डोक्यावर ओढली. कुणाचं काय आहे, हेसुद्धा तिनं विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी कॉलेजचा फोन आला. एक जागा रिकामी झाली होती. उद्या कागदपत्रं घेऊन या.

रत्नदीप हातातला चहा तसाच ठेवून लहान मुलासारखे रडायला लागले. ऋतुजा अनवाणीच चौकाकडं धावली. अमृतदादाला सांगायचं होतं, लावा तो फ्लेक्स, आता खुशाल लावा!

चौकट रिकामी नव्हती. तिच्यावर नवा कोरा फ्लेक्स होता. "मंगल परिणय." उत्कर्षाचा कॉलेजच्या ओळखपत्रावरचा फोटो, शेजारी मोडनिंब गावचा कुणीतरी मिशीवाला.

"काल साखरपुडा हुता," अमृत खाली बघत म्हणाला. "पावणं म्हणालं, समदी जमलीच हाईत तर लगीनच लावून टाकू. लावलं." आमच्याकडं असं होतं. पोरगी साखरपुड्याला बसते आणि बायको होऊन उठते. लोक वर म्हणतात, झटपट उरकलं बघा, झकास!

ऋतुजा समोरच्या दारात गेली तेव्हा जीप लागली होती. शिवबाई बोचकं बांधत होती. उत्कर्षा हिरवा चुडा घालून कोपऱ्यात उभी होती, परक्या घरात आल्यासारखी. ऋतुजाचा चेहरा बघूनच तिला समजलं.

"मिळालं व्हय ताई?"

ऋतुजानं मान डोलावली. मग कसंबसं म्हणाली, "तू तर पुढं शिकणार होतीस ना गं?"

उत्कर्षानं वर बघितलं. दारापुढच्या मांडवावर कापड कमी पडलं होतं, तिथं ऋतुजाचा फ्लेक्स उलटा बांधला होता.

"ही माणसं लई दिवस मागं लागली हुती, ताई. पप्पा त्यास्नी चौकात न्यायचे, तुज्या फोटूकडं बोट दावायचे आन् म्हणायचे, आमची बी हिच्याच मागनं जाणार हाय, तुमी दुसरी बगा."