निळी फुली

जुन्या सामानाच्या दुकानवाल्या बाईंनी चित्र दोन्ही कडांना धरून आणलं आणि म्हाताऱ्याच्या टेबलावर ठेवलं. चित्रांतलं आपल्याला ओ की ठो कळत नाही, हे त्यांनी बसायच्या आधीच सांगून टाकलं. फ्रेम तेवढी बरी होती, ती कालच एकाने आरशासाठी नेली. उरलं ते हे. चार पैसे येणार असतील तर सांगा, नाहीतर गोदामाची खिडकी फुटलीय, तिथे ठोकून देते म्हणाल्या.

म्हातारा पारखी होता. चित्र खरं की खोटं हे सांगण्यात त्याची चाळीस वर्षं गेली होती. चित्र आलं की तो आधी पालथं करायचा. पुढची बाजू कुणालाही बनवते, पाठ बनवत नाही, असं त्याचं म्हणणं. जेवायला बसल्यावर हा माणूस ताटसुद्धा आधी उलटं करून बघेल, असं बायको म्हणायची. चित्र खोटं निघालं की पाठीमागच्या लाकडी पट्टीवर, कोपऱ्यात, तो निळ्या पेन्सिलीने बारीकशी फुली मारायचा. का, तर तेच चित्र नवा मालक घेऊन पुन्हा दारात येऊ नये. त्या फुलीवर ब्र काढायची बाजारात कुणाची टाप नव्हती.

सवयीने त्याने चित्र पालथं केलं. कोपऱ्यात निळी फुली होती.

झालं, काम संपलं. तो चित्र परत सरकवणारच होता, पण हात थांबला. फ्रेम नसल्यामुळे कडा उघड्या होत्या आणि खिडकीतलं सकाळचं ऊन कडेवर तिरपं पडलं होतं. तिथे एक नाही, दोन कापडं दिसत होती. मागचं नवं, कोरं. त्याला चिकटवलेलं पुढचं मात्र जुनं, पिवळं पडून कडेला विरलेलं. जीर्ण झालेल्या चित्राला कुणीतरी मागून नवं कापड लावून सांभाळलं होतं.

त्याला सगळं आठवलं. बावीस वर्षांपूर्वी एक शिक्षिका हे घेऊन आल्या होत्या. जेवायची वेळ झाली होती, ट्यूबलाइट चालू होती. कापड नवं, खिळे नवे, आणि ज्याचं म्हणून त्यांनी आणलं त्या चित्रकाराला जाऊन तर साठ वर्षं झालेली. त्याने फ्रेम उघडलीच नव्हती. दहा मिनिटांत फुली मारून मोकळा. त्या शिक्षिकांनी हळूच विचारलं होतं, नीट बघितलंत ना? त्याचा त्याला भयंकर राग आला होता.

त्याने भिंग काढलं आणि डाव्या कडेवरून इंच इंच सरकत गेला. मध्यावर, पांढऱ्या रंगात, अंगठ्याचा ठसा होता. ठशावर तिरपी चीर, अंगठ्यावरच्या जुन्या जखमेची.

ही चीर त्याला पाठ होती. त्याच चित्रकाराची संग्रहालयातली सहा चित्रं त्याने फ्रेमबाहेर काढून तपासली होती आणि सहाही चित्रांच्या कडेला ती होती. ओलं चित्र तो चित्रकार कुणाच्या हाती देत नसे. कडांना दोन अंगठ्यांत धरून स्वतः न्यायचा.

मग त्याने चित्र सरळ केलं आणि पहिल्यांदा बघितलं. दोरीवर वाळत घातलेली एक चादर, एवढंच. पण तो पांढरा पांढरा नव्हताच. त्यात निळा होता, कोवळा पिवळा होता, वाऱ्याने फुगलेल्या जागी अंगाच्या कातडीसारखा गुलाबी होता. चादरीमागे कुणीतरी उभं होतं, खाली फक्त पायाची बोटं दिसत होती. आता वारा येईल, चादर उडेल आणि ते माणूस दिसेल, असं वाटून तो श्वास रोखून बसून राहिला. एवढं सगळं समोर असताना आपण पाठ बघत बसलो, याची त्याला लाज वाटली.

बाईंना उशीर होत होता. हे कुणाचं, असं त्याने विचारलं तेव्हा त्यांनी सांगितलं, एक शिक्षिका वारल्या, भाचीने घर रिकामं केलं. शेवटपर्यंत हे त्यांच्या पलंगासमोर होतं म्हणे. मग त्यांनी चित्र जरा उचलून मागे वाकून बघितलं आणि ही निळी खूण कसली, असं सहज विचारलं.

विचारणाऱ्या शिक्षिका आता नव्हत्या. खोटं आहे, एवढं म्हणायचा अवकाश, चित्र खिडकीला लागलं असतं आणि चाळीस वर्षांचं नाव शाबूत राहिलं असतं.

"ती माझी फुली," म्हातारा म्हणाला. "बावीस वर्षांपूर्वी मारलेली. मी चुकलो होतो."

बाईंना काही उमगेना. म्हाताऱ्याने चित्रकाराचं नाव सांगितलं. ते मात्र त्यांनीही ऐकलं होतं. त्यांचं दुकान गोदामासकट या चित्राच्या एका कोपऱ्यात मावेल, असंही तो म्हणाला. बाई उठून उभ्या राहिल्या.

"नीट बघितलंत ना?" त्यांनी विचारलं.

"आत्ता बघितलं."

भिंग त्यांच्या हातात देऊन त्याने कडेवरचा ठसा दाखवला, चीर दाखवली, तो माणूस ओलं चित्र कसा धरायचा तेही सांगितलं. बाई बराच वेळ भिंगातून बघत राहिल्या. मग चित्र उचलायला त्यांनी सवयीने दोन्ही हात कडांकडे नेले, आणि अंगठे टेकायच्या आधीच मागे घेतले.

"आता हे धरू कुठे?" त्या हळूच म्हणाल्या.