जोसायाची अस्सल बंदूक

बार ठासायचा लोखंडी गज रिकाम्या नळीत सोडला की तो तळाला आपटून खणकन वाजायला हवा. जोसायाच्या बंदुकीत तो वाजलाच नाही. भिजल्या पोत्यावर काठी पडावी तसा बद्द आवाज झाला आणि गजाचं वीतभर टोक नळीबाहेरच राहिलं.

"कोणी हलू नका," सार्जंट स्ट्रिकलर म्हणाला. "एमरी, तोंड आभाळाकडे कर. बंदुकीचं म्हणतोय, तुझं नव्हे."

रांगेत निळे डगले घालून उभी असलेली मंडळी हसली आणि लगेच गप्प झाली. दर उन्हाळ्यात ती पेनसिल्व्हेनियातल्या याच कुरणावर जमून अमेरिकेच्या यादवी युद्धातली दीडशे वर्षांपूर्वीची लढाई पुन्हा लढत. बार फुसके, मरणं खोटी, जेवण तेवढं खरं. नळी रिकामी आहे ना, हे लढाईआधी प्रत्येकाच्या बंदुकीत गज टाकून बघायचं हा नियम. बहुतेकांच्या बंदुका इटलीत बनलेल्या कोऱ्या नकला होत्या. पोलाद पक्कं, आणि ओरखडा पडला तरी जीव जळायला नको. एमरी रेमायर त्यांना खेळणी म्हणायचा. त्याच्या घरी शेकोटीवरच्या भिंतीवर त्याच्या खापरपणजोबाची, जोसायाची, अस्सल बंदूक टांगलेली असायची. आज त्याने ती पहिल्यांदाच मैदानावर आणली होती.

आणली होती मुलासाठी. डेव्हिन फौजेतून परतून वर्ष होत आलं होतं, पण तो घरात असून नसल्यासारखा होता. गोठ्यात दूध काढताना एकदा त्याने बापाला सांगून टाकलं होतं. त्यांच्या गाडीवर हल्ला झाला, बाकीच्यांनी गोळ्या झाडल्या, सगळे वाचले. त्याचं बोट मात्र चापावर हललंच नाही. एमरी म्हणाला, "होतं असं." आणि जेवायला बसल्यावर सवयीने जोसायाची गोष्ट काढून बसला.

ती गोष्ट घरात सगळ्यांना तोंडपाठ. जोसाया त्या लढाईत पायाला गोळी लागून पडला. बापाने घोडागाडी जुंपली आणि पोराला बंदुकीसकट घरी आणलं. पुढे जोसाया पिकलं पान होईपर्यंत जगला, पण लढाईबद्दल एकच वाक्य बोलायचा: "त्या दिवशी मी सकाळपासून बंदूक भरत होतो." उरलेलं रेमायरांनी तिखटमीठ लावून वाढवलं. नळी तापून लाल झाली, समोरचे पटापट पडले, वगैरे. अशा माणसाची बंदूक हातात आली की पोराला हुरूप येईल, असं एमरीला वाटलं होतं. सकाळी डेव्हिनने तिला हातही लावला नाही. इटलीची नक्कल उचलली आणि म्हणाला, "नकली शिपायाला नकलीच बरी, बाबा."

आता तो रांग सोडून बापाच्या मागे येऊन उभा राहिला.

"हिच्यात बार ठासलेला आहे," स्ट्रिकलर म्हणाला. "आणि तो तुम्हा बापलेकांनी ठासलेला नाही. जोसायाच्या वेळचा आहे."

लहानपणी हीच बंदूक बहिणीवर रोखून एमरीने कितीदा तरी चाप ओढला होता. ठिणगी पाडणारी तांब्याची टोपी वर बसवलेली नव्हती, म्हणून ती बहीण आज नातवंडं खेळवत होती. त्याने कपाळाचा घाम पुसला आणि देवाचे आभार मानले, मोठ्याने.

स्ट्रिकलर एरवी दातांचा डॉक्टर. त्याने नळीत पाणी ओतून दारू भिजवली, गजाला मळसूत्र लावलं आणि हलक्या हाताने ओढत अंगठ्याच्या पेराएवढी शिशाची गोळी बाहेर काढली. "अक्कलदाढ," तो म्हणाला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. खात्रीसाठी त्याने गज पुन्हा सोडला.

बद्द.

दुसरी गोळी निघाली. पुन्हा बद्द. तिसरी निघाली तेव्हा टाळ्या थांबल्या होत्या. आणखीही निघाल्या. डेव्हिन गुडघ्यावर बसून एकेक गोळी तळहातावर घेत होता. अखेर एकदाचा गज खणकन वाजला.

"टोपी दमट असेल, बार उडाला नसेल," एमरी म्हणाला.

"एकदा दमट असेल. दोनदा असेल." स्ट्रिकलरचा आवाज खाली आला. "एमरी, धुरात शेजारचा दिसत नाही. बंदूक भरायची, खांद्याला लावायची, चाप ओढायचा नाही, शेजाऱ्याचा बार उडाला की खाली घेऊन पुन्हा भरायची. सार्जंटला वाटतं, पोरगा लढतोय. अशा बंदुका तेव्हा पुष्कळ सापडल्या होत्या."

हसण्याचा आवाज आला म्हणून एमरीने खाली पाहिलं. डेव्हिन हसत होता, आणि डोळे वाहत होते ते पुसतही नव्हता. वर्षभरात हे हसणं घरात कोणी ऐकलं नव्हतं.

"बाबा, म्हातारा खोटं बोलला नव्हता," तो म्हणाला. "भरत होतो म्हणाला. झाडत होतो असं एकदाही म्हणाला नाही."

एमरीला लाज वाटली, आणि लाजेच्याही वर, छातीवरचा धोंडा उतरावा तसं हलकं वाटलं. त्याने मुलाच्या खांद्यावर हात ठेवला.

"जन्मभर सांगत होता बिचारा," तो म्हणाला. "आपणच ऐकलं नाही. तू गोठ्यात सांगितलंस, तेही मी ऐकलं नाही."

कुरणाच्या टोकाला बिगुल वाजला. मंडळी टोप्या सारख्या करत रांगेत शिरली. डेव्हिनने डोळे पुसले, गोळ्या खिशात टाकल्या आणि इटलीची कोरी बंदूक बापाच्या हातात दिली.

"बार तुम्ही उडवा, बाबा," तो म्हणाला. "अस्सल माझ्याकडे द्या."