दोन आटे

१९८५ साल, सलग दुसऱ्या दुष्काळाचं. अणदूरच्या अलीकडं असलेल्या आमच्या गावात एकच हापसा पाणी देत होता. त्याच्या आत एकाखाली एक जोडलेल्या सळयांपैकी एक मोडली, तेव्हा तालुक्याहून महारुद्र मेकॅनिक नव्या बनावटीची सळई घेऊन आला आणि खालच्या जुन्या सळईला जोडू लागला.

माझी थोरली जाऊ कस्तुराबाई घागर ठेवून पुढं झाली. "दादा, जुनी काढताना सहा आटे फिरले. ही दोनावरच अडलीय. हिचे आटे येगळे हायेत."

"मग अक्का, पाना तुम्हीच धरा, मी घागर धरतो!"

माणसं हसली. मामंजी म्हणाले, "सूनबाई, बायांनी पाणी भरावं." महारुद्रनं जोर लावून सळई बसवली.

पाचव्या दिवशी जोड सुटला, सळया बोअरच्या तळाला गेल्या. "हिनंच नाट लावला," असं सगळे म्हणू लागले. पुन्हा जुन्या विहिरीत उतरून वाटीवाटीनं पाणी भरायची वेळ आली.

"माझ्या तोंडानं पाणी गेलं म्हणता, तर म्याच काढते," म्हणत कस्तुराबाई सगळ्यांआधी उतरली. तिचा पाय निसटला. वर आणली तेव्हा ती संपली होती.

महारुद्र बढती घेऊन निवृत्त झाला. मामंजी नव्वदीत वारले. कस्तुराबाईची लेक मी वाढवली. ती तुळजापुरात शिक्षिका आहे. तिला एक गोष्ट मी अजून सांगितलेली नाही. ते आटे मी मोजले होते. नव्या नवरीनं सासऱ्यांपुढं बोलायचं नसतं, म्हणून मी ते तिच्या आईच्या कानात सांगितलं होतं.